सशांचा ताप आणि पद्माकरचं स्थळ

श्रीरामपूर,
सोमवार, २७ डिसेंबर १९७१

तीर्थरूप सौ. अक्काच्या चरणी,

शामकांताचा दंडवत (गुडघे वाकत नाहीत म्हणून सध्या कागदावरच). इकडे मी आणि सुमेधा अंगानं ठीक आहोत. मनाचं पुढे लिहितो. तुझी कंबर कशी आहे? संगमनेरच्या थंडीत पहाटे गार पाण्यानं अंघोळ करायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तू ऐकत नसणार हे मी धरूनच चाललो आहे. भाऊजी दूध संघातून संध्याकाळी येताना कानाला मफलर बांधतात ना?

तुझं बावीस तारखेचं कार्ड पोचलं. अक्का, 'तू प्रयोगशाळेत घुसून ससे सोडलेस आणि ऐन लढाईत जवानांच्या औषधात खोडा घातलास हे खरं काय?' हे वाक्य उघड्या कार्डावर लिहायला नको होतं. पोस्टमननं ते वाचलं. त्यानं मला भर बाजारात सायकल थांबवून विचारलं, "मास्तर, किती ससे?" चौतीस वर्षं ज्या माणसानं शाळेत शिस्त शिकवली, त्याला भाजीच्या पाट्यांमध्ये उभं राहून सांगावं लागलं की, एकच. अक्का, तुलाही तेच सांगतो. एकच ससा होता. पद्माकरच्या आईनं तुला काय काय लिहिलं असेल ते असो, पण आई गेल्यावर तू मला वाढवलंस, विजया गेल्यावर आईविना राहिलेल्या सुमेधाच्या वेण्या घालायला दर सुट्टीत येत राहिलीस, आणि पद्माकरचं स्थळही तूच आणलंस ('मुंबईत औषधाच्या कंपनीत आहे, चष्मा सोडला तर व्यंग नाही,' हे तुझेच शब्द). तेव्हा खरं काय ते ऐकायचा पहिला हक्क तुझा. मी अजून पुरता सावरलेलो नाही. अक्षर हललेलं दिसलं तर थंडीमुळे आहे असं समजू नकोस.

सुमेधा 'औषधाच्या हापिसात लिखापढीचं काम करते' असं मी तुला कळवलं होतं. खोटं बोललो नाही, मला तसंच वाटत होतं. ती सांगायची, "बाबा, आमच्याकडे परीक्षण चालतं." मला वाटलं, उत्तरपत्रिका. आता समजलं ते असं. औषध करणाऱ्या कंपन्यांना आपला माल चांगला की वाईट हे दुसऱ्याकडून तपासून घ्यावं लागतं, आणि लहान कंपन्यांकडे तशी सोय नसते. मग त्या ते काम कंत्राटानं बाहेर देतात. शाळेत बाहेरचा परीक्षक येतो ना, तसं. इथे स्टेशनमागे कापसाचं एक जुनं गोडाऊन आहे, त्यात डॉ. मच्छिंद्र गाडेकर यांनी ही प्रयोगशाळा थाटली आहे. गाडेकर मूळचे जनावरांचे डॉक्टर, वडील प्रवरेकाठी ऊस लावतात, आणि हा गृहस्थ विलायतेत जाऊन हे शिकून आला. सुमेधा तिथे परीक्षक आहे. कशाची परीक्षक, ते मी गुरुवारी नऊ तारखेला माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी मी तिथे गेलोच का, असं तू विचारशील. तुझ्यामुळेच. पद्माकर कंपनीच्या कामाला त्या प्रयोगशाळेत येणार आहे, तेव्हा जाताजाता मुलगी बघणं उरकून घे, सुमेधाला नीट पातळ नेसायला सांग आणि पोहे घेऊन तू स्वतः जा, असं तूच लिहिलं होतंस. मी पोहे केले (कोथिंबीर महाग, पण घातली), डबा बांधला आणि साडेनऊला गोडाऊनच्या दारात उभा राहिलो. राहीबाई म्हणून तिथली जनावरं सांभाळणारी एक बाई आहे, तिनं मला आत घेतलं. आत सुमेधा पांढरा अंगरखा घालून उभी होती. समोर लाकडी खोक्यांत तीन पांढरे ससे, मान तेवढी बाहेर, खटक्यात अडकवलेली. तिच्या हातात थर्मामीटर. अक्का, तो तिनं सशाच्या तोंडात घातला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. "बाबा, तापमान असंच मोजतात," ती म्हणाली, जणू मी आजवर चुकीच्या ठिकाणी मोजत आलो.

गाडेकर मोठे अगत्यशील. "मास्तर, या, तुमाला एक नवल दाखवतो," म्हणून त्यांनी मला दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे एक उबदार कपाट, कपाटात चपट्या बाटल्या, तळाला गुलाबी पाणी. एक बाटली त्यांनी दुर्बिणीखाली धरली (ही जवळचं बघायची दुर्बीण, आपल्या शाळेत होती तशी, फक्त हिच्यातून दिसतं). भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटून बसले होते. या म्हणे एका परदेशी बाईच्या शरीरातल्या पेशी. काही औषधं सशावर द्यायच्या आधी यांच्यावर घालून बघतात, मरतात की जगतात. पहिली बाटली गाडेकरांनी मुंबईहून सदऱ्याच्या आत पोटाशी धरून आणली, गार पडू नये म्हणून, आणि अख्ख्या प्रवासात कुणाला टेकू दिलं नाही. मी सहज विचारलं, बाई कशा आहेत आता? गाडेकर म्हणाले, "बाई जाऊन वीस वर्सं झाली." अक्का, बाई वारली, आणि तिचा हा अंश श्रीरामपुरात कापसाच्या गोडाऊनमध्ये वाढतो आहे! राहीबाई मागून म्हणाली, "मास्तर, ही बाई लई खाती. दर दोन दिसाला तिला नवं पानी लागतं." ते पाणी कशाचं, हेही मला कळलं. त्यात वासराच्या रक्तातलं काही असतं. तुला ते सविस्तर लिहीत नाही. मी एवढंच विचारलं की, त्या बाईच्या घरच्यांना हे ठाऊक आहे का? गाडेकर म्हणाले, "त्ये मला बी कुनी सांगितलं न्हाई, मास्तर. मीबी इचारलं न्हाई." मी त्या बाटलीला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

या धक्क्यातून बाहेर यायच्या आतच दारात टांगा वाजला. पद्माकर आला होता. गाडेकर त्याला घ्यायला गेले, राहीबाई चहाचं बघायला गेली, आणि सुमेधानं मला सशांच्या खोलीत स्टुलावर बसवून सांगितलं, "बाबा, पाच मिनिटांत येते. आवाज करू नका, कशाला हात लावू नका." हेच वाक्य मी चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो आणि ती ते पाळत नाहीत म्हणून त्यांना उभं करत आलो. पण अक्का, मधला ससा माझ्याकडे बघत होता. त्याचं नाक सारखं हलत होतं, श्वास अडकावा तसं. (नंतर कळलं की सशाचं नाक हलतंच.) मला वाटलं, खटका घट्ट झाला असेल, जरा सैल करावा. खटका सैल होत नाही, उघडतो. ससा माझ्या मांडीवरून, मांडीवरून पोह्यांच्या डब्यावर, डब्यावरून दाराकडे. आणि दारातून त्याच क्षणी कोट घातलेला पद्माकर आत येत होता. ससा त्याच्या दोन पायांमधून गेला. पद्माकर ओरडला आणि टेबलावर चढला. मुलगी बघायचा कार्यक्रम म्हणशील तर तो असा झाला. सुमेधानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते टेबलावर, आणि त्यानं तिला पाहिलं ते गोण्यांच्या थप्पीमागून सशाचे कान धरून नव्हे, तर सबंध ससा छातीशी घेऊन बाहेर येताना. (कान धरून उचलायचं नसतं. मी आधी तसाच धरायला गेलो होतो, त्यावरही बोलणी बसली.)

आता खरं महत्त्वाचं. त्या सशांच्या कानातल्या शिरेतून सुमेधानं जे टोचलं होतं ते पद्माकरच्या कंपनीचं सलाईन होतं. लढाई पेटलेली, आणि हा माल जखमी जवानांसाठी जायचा होता. सलाईन करताना पाण्यात कधीकधी मेलेल्या जंतूंची घाण राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, उकळून जात नाही, आणि शिरेतून अंगात गेली की माणसाला हुडहुडी भरून ताप चढतो. धडधाकट माणूस निभावेल, रक्त गेलेला दगावेल. सशाला हा ताप माणसासारखाच येतो, म्हणून आधी ससे. त्या दिवशी दोन सशांचा ताप मी तिथे येण्याआधीच चढू लागला होता, पण तिसरा सुटल्यामुळे सगळाच हिशेब बिघडला. पद्माकर टेबलावरून उतरला, कोट झटकला आणि म्हणाला, "ससे घाबरले म्हणून तापले. सीमेवर जवान पडलेत आणि आपण इथे सशांच्या मागे धावतोय. पास लिहून द्या, मी दुपारच्या गाडीनं निघतो."

अक्का, तुला सांगायला लाज वाटते, पण मी त्याच्या बाजूचा होतो. रेडिओवर रोजच्या बातम्या ऐकून माझं रक्त तापलेलं होतं. शिवाय चूक माझी, स्थळ तू आणलेलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सुमे, दे लिहून. देशाचं काम आहे." ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही कधी पेपर न तपासता मार्क दिलेत?" (एकदा दिलेत. गोरक्ष नावाच्या मुलाला, भूगोलात. पण ते तिला माहीत नाही.) ती पद्माकरला म्हणाली, "आजचा आकडा मी धरत नाही. पास नाही, नापासही नाही. उद्या पाच नवे ससे घेते." पद्माकरनं गाडेकरांकडे पाहिलं. त्या प्रयोगशाळेचं निम्मं काम त्याच्याच कंपनीचं, हे मला राहीबाईनं तेवढ्यात कानात सांगितलं होतं. गाडेकरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तपासनी सुमेधाबाईंची. माझी नुस्ती सही."

शुक्रवारी मला आत प्रवेश नव्हता. मी आपण होऊन गोडाऊनच्या दाराशी स्टूल टाकून बसलो, कुणी दार वाजवू नये म्हणून. ससे बिथरले की पुन्हा ताप खोटा पडतो, एवढं आता मला समजत होतं. अकराच्या सुमाराला रस्त्याच्या वळणावरून ढोल आणि लेझीम ऐकू आलं. जवानांसाठी घोंगड्या गोळा करत मिरवणूक येत होती, दोनशे माणसं असतील, आणि सगळ्यात पुढे गोरक्ष, तोच, भूगोलवाला, आता गावात पुढारी आहे. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि ओठावर बोट ठेवलं. गोरक्षनं हात वर केला, ढोल थांबला. "आत कोन आजारी हाय का, मास्तर?" मी म्हणालो, पाच जण आहेत. "जगत्याल का?" मी म्हणालो, दुपारी कळेल. अक्का, तू विश्वास ठेवणार नाहीस, पण ती दोनशे माणसं लेझमीच्या साखळ्या मुठीत धरून, पावलं दाबत माझ्यासमोरून गेली. एका म्हाताऱ्यानं तर पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. माझे डोळे भरून आले, आणि मी खोटं बोललो नाही याचंही बरं वाटलं.

दुपारी एक वाजता सुमेधा बाहेर आली. पाचातल्या चारांना ताप. चढत चढत गेलेला, दर अर्ध्या तासाला नोंदलेला. कुणी घाबरवलं नव्हतं, कुणी खटका उघडला नव्हता. तिनं 'नापास' लिहिलं, गाडेकरांनी सही केली. पद्माकरनं मुंबईला साहेबांना ट्रंक कॉल लावला. आम्ही सगळे त्याच खोलीत होतो. त्यानं 'नापास' म्हटलं, मग तिकडचं ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. फोन ठेवून तो म्हणाला, "माल मंगळवारीच निघाला. साहेब म्हणतात, रिपोर्ट फायलीला हवा होता."

अक्का, मेलेल्या बाईच्या जिवंत पेशी बघून मी हादरलो होतो, पण तो धक्का याच्यापुढे काहीच नाही. माल आधी जातो आणि परीक्षा मागून होते! शाळेत असं झालं असतं तर मी त्या इन्स्पेक्टरला सोडलं नसतं. राहीबाई म्हणाली, "आगं बया, मंग हे ससं कशापायी तापवलं?" त्या बाईनं एका वाक्यात सगळ्या कंपनीचं माप काढलं. सुमेधा मात्र बोलत बसली नाही. फोन लष्कराच्या कामामुळे पुन्हा लागेना, म्हणून औषध खात्याच्या इन्स्पेक्टरांना तार करायचं ठरलं, आणि ती घेऊन मी पोस्टात पळालो. गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत. तार इंग्रजीत हवी. मी लिहिलं, 'रॅबिट्स फीव्हर, स्टॉप बॉटल्स.' तारबाबू म्हणाले, "मास्तर, हा स्टॉप म्हणजे थांबवा, का पूर्णविराम?" मी म्हणालो, थांबवा. ते म्हणाले, तारेत तो पूर्णविराम धरतात. मी म्हणालो, मग दोन्ही धरा, पण आधी पाठवा.

परत आलो तर पद्माकर निघून गेला होता. सुमेधाकडून त्यानं रिपोर्टाची एक प्रत मागून घेतली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि कुणाशी काही न बोलता स्टेशनवर गेला. पोह्यांना हात लावला नाही. ती प्रत त्यानं वाटेत गाडीतून फेकली असणार. घरी जाऊन आईला काय सांगितलं? ससा. बाकी काही नाही, तेवढा ससा!

सोळा तारखेला, लढाई थांबल्याच्याच दिवशी, खात्याकडून उत्तर आलं की खोकी रेल्वेच्या यार्डात न उघडता अडवली, माल जप्त झाला, प्रयोगशाळेचे आभार. गावात विजयाचे पेढे वाटत होते; मी माझ्या तारेचे निराळे वाटले. त्या कंपनीनं मात्र आपलं सगळं काम काढून घेतलं. कपाटं निम्मी रिकामी झाली. गाडेकर म्हणतात, "शेतात एखादं साल आसं जातंच, मास्तर," पण परवा ते रिकाम्या फळ्या स्वतः पुसत होते, ते मी पाहिलं. सुमेधा रोजच्यापेक्षा लवकर कामावर जाते.

तेव्हा अक्का, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय, ससा मी सोडला. त्याची हवी ती शिक्षा दे. पण पद्माकरच्या आईला माझा स्पष्ट नकार कळव. टेबलावर चढला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही चढलो असतो. पण जो माणूस खरं कळल्यावर घडी करून खिशात घालतो आणि गाडी पकडतो, त्याच्या घरी मी माझी मुलगी देणार नाही. नकार माझा आहे, तिचा नाही, हे ठळक सांग.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या रागाला पात्र असलेला, पण या एका बाबतीत ताठ उभा असलेला,

तुझा धाकटा
शामकांत

ता. क. भाऊजींचा दूध संघ गुरांसाठी ज्या लसी आणि औषधं घेतो, ती कुणी तपासून देतं का? गाडेकर मूळचे गुरांचेच डॉक्टर. भाऊजींनी चेअरमनसाहेबांच्या कानावर घातलं तर बरं होईल. खरं सांगायचं तर पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठीच; नकार दोन ओळींत लिहिता आला असता.

ता. क. दुसरा. त्या परदेशी बाईबद्दल: सुतक धरायचं नाही हे मलाही कळतं, पण मी घरी येऊन अंघोळ केली आणि देवापुढे तिच्या नावानं एक वात लावली. नाव माहीत नाही, म्हणून 'त्या बाईच्या नावानं' असं म्हटलं. चाललं ना? उत्तर पाकिटात पाठव. कार्डावर नको.

ता. क. तिसरा. मंगळवार सकाळ. पत्र टाकायला निघालो तेवढ्यात पोस्टमननं सुमेधाच्या नावाचं पाकीट दिलं. पद्माकरचं. तिनं वाचलं, माझ्यापुढे ठेवलं आणि कामावर गेली. अक्का, मी ते तीनदा वाचलं. माझी तार तिकडे कुणालाच कळली नव्हती. 'सशांना ताप पूर्णविराम बाटल्या' असं काहीसं पोचलं, आणि औषध खात्याच्या हापिसातल्या लोकांनी ते गंमत म्हणून भिंतीला टाचून ठेवलं होतं. पद्माकर त्या शुक्रवारी गाडीत बसला तो शनिवारी सकाळी थेट त्याच हापिसात उतरला. खिशातली प्रत इन्स्पेक्टरांपुढे ठेवली, त्यांना घेऊन यार्डात गेला आणि खोक्यांवर शिक्के बसेपर्यंत तिथून हलला नाही. सोमवारी त्याला नोकरीवरून काढलं. हे आईला सांगवेना, म्हणून त्यानं तिला तेवढा ससा सांगितला. स्थळाबद्दल पत्रात एक अक्षर नाही. एवढंच विचारलं आहे की, गाडेकरांकडे हाताखाली काम मिळेल का. जनावरांची भीती वाटते, पण शिकेन.

जाताना दारात सुमेधानं विचारलं होतं, "आत्याला पत्र गेलं का?" मी म्हणालो, नाही अजून. "मग जरा थांबा," म्हणाली, आणि चप्पल घालायला लागतो त्याहून जास्त वेळ दारात उभी राहिली.

एवढं मोठं पत्र पुन्हा लिहायचं त्राण माझ्यात नाही, म्हणून हेच पाठवतो. तेव्हा अक्का, त्याच्या आईला काहीही कळवू नकोस, आणि कृपा करून हे पत्र शेवटाकडून वाचायला घे.